वर कुणी राहत नाही

"वर कुणी ऱ्हात न्हाई सायेब. कडबा हाय, कांदा हाय. मान्सं समदी खाली," आण्णा म्हणाले.

तांबोळी साहेबांनी मान वर करून माडीकडं पाहिलं. पूर्वेला तोंड केलेली भली मोठी काचेची खिडकी, तिला निळा पडदा आणि शेजारच्या दोरीवर आण्णांचा वाळत घातलेला टॉवेल. कांद्याला पडदा कशाला लागतो, असा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. साहेबांनाही पडला असावा, कारण ते वळून माझ्याकडं बघायला लागले.

"ताई, बरोबर आहे का हे?"

मी पदर नीट केला. आण्णा माझे चुलत दीर, माझ्या नवऱ्याच्या, मुरलीधरच्या, थोरल्या चुलत्याचा मुलगा. त्यांच्यासमोर मी कधी खाली बसले नाही की डोक्यावरचा पदर पडू दिला नाही.

"आण्णा सांगतात ते बरोबर," मी म्हणाले. "आमच्यात थोरल्या दिराचा शब्द मोडत नाहीत, साहेब."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत माझ्याविषयी थोडं बरं काहीतरी दिसलं. बाई सुधारली, असं त्यांना वाटलं असणार.

साहेबांनी आणखी एकदा विचारलं, वर जाऊन बघता येईल का. आण्णांनी सांगितलं की जिना मोडलाय आणि किल्ली पोराकडं पुण्याला आहे. साहेब दोन दिवस आसपासच्या वस्त्यांवरची घरं पालथी घालून दमले होते. थंडीनं त्यांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि सारखे नाक पुसत होते. त्यांनी जे ऐकलं ते लिहून घेतलं आणि आम्ही पुढच्या घराकडं निघालो.

हे सगळं त्याच दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं होतं. आमचं गाव पाटणच्या वरच्या पठारावर. तिथं पवनचक्क्या काही नवीन नव्हत्या, पण गावाच्या इतक्या जवळ, पूर्वेच्या टेकाडावर, पहिल्यांदाच एक उभी राहणार होती. पाया भरून झाला होता आणि रस्त्याकडेला पाती आणून ठेवली होती. एकेक पातं एवढं लांब की त्याच्या बाजूनं शेळ्या नेताना बाया थांबून बघायच्या. त्या वेळी मी अंगणवाडीत होते. कुठल्या घरात किती माणसं, कोण कुठं निजतं, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, हे मला तोंडपाठ. म्हणून ग्रामसेवकानं पवनचक्की कंपनीच्या माणसाला, या तांबोळी साहेबांना, माझ्याकडं धाडलं, की ताई तुम्हाला घरं दाखवतील.

चहा घेता घेता मी विचारलं, "घरं कशाला बघायची? चक्की तर टेकाडावर."

साहेबांनी वर लटकणाऱ्या बल्बपुढं पंजा धरला आणि हलवायला लागले. माझ्या चुलीमागच्या भिंतीवर उजेड-अंधार, उजेड-अंधार व्हायला लागलं.

"असं होतं ताई. सूर्य पात्यांच्या मागं आला की फिरणाऱ्या पात्यांची सावली घरावर पडते. खिडकीतून आत आली की सगळी खोली अशी लुकलुकते. माणूस वैतागतो. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, तो सकाळी बरोबर या चक्कीच्या मागून वर येणार. म्हणून मी आधीच बघतोय, कुणाच्या घरावर किती वेळ पडेल."

"आणि पडली तर?"

"माणसं राहतात त्या जागेवर ठरलेल्यापेक्षा जास्त पडत असेल तर तेवढा वेळ चक्की बंद ठेवायची. आमच्या कंपनीचा तसा नियम आहे. आपोआप थांबते आणि सूर्य पुढं गेला की परत सुरू होते. गोठा, कोठार, असल्या जागा धरत नाहीत. बैल काही तक्रार करत नाही."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. मग दारात जाऊन पूर्वेकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला मात्र काही काळजी नाही. पुढं ही माडी उभी आहे ना. तिच्यामुळं सकाळचं ऊनच तुमच्याकडं येत नाही, मग सावली कुठून येणार?"

साहेबांनी ते आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. नाहीतर तो भिंतीवर फुटला असता.

त्या माडीची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या घरामागं एक परडं आहे. पावट्याचा वेल, दोन शेवगे, एवढीच त्याची शोभा. आण्णांना ते ट्रॅक्टर वळवायला हवं होतं. मुरलीधरनं नाही म्हटलं. पुढं त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हा आण्णांनी मला बोलावून परत विचारलं. मीही नाही म्हटलं.

त्या दिवसांत मुरलीधरला एकच सुख होतं. सकाळी मी त्याला धरून अंगणात आणायची आणि भिंतीला टेकवून बसवायची. आमच्या पठारावर थंडीत हाडं फुटायची वेळ येते. कोवळं ऊन अंगावर आलं की त्याचा आखडलेला हात जरा उलगडायचा. डोळे मिटून तो बसायचा आणि कधीकधी माझं नाव घ्यायचा. पुरतं नाही, 'सगु' एवढंच. पण त्या उन्हातच घ्यायचा.

एके दिवशी आण्णा मधल्या गडग्यापाशी उभे राहिले. गडगा म्हणजे दगडावर दगड ठेवून रचलेली कंबरेएवढी भिंत. तिथून ते म्हणाले, "लै ऊन खातोय की गं मुरली. बघू किती दिस खातोय."

महिन्याभरात त्यांच्या घरावर विटा चढायला लागल्या. घरात दोनच माणसं, आण्णा आणि जाऊबाई. जाऊबाईंना गुडघ्यांमुळं जिना चढता येत नव्हता. माडीची गरज कुणाला होती? मी पंचांकडं गेले. पंचांनी चहा पाजला आणि सांगितलं, "सगुणा, थोरला दीर हाय तुजा. त्येच्या शबुदाम्होरं जाऊ नगंस."

माडी झाली. ऊन दहा वाजता यायला लागलं, तेही तापलेलं, डोक्यावरचं. ती थंडी मुरलीधरनं आत घोंगडीखाली काढली आणि संक्रांतीच्या आधी गेला. ऊन मिळालं नाही म्हणून माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. डॉक्टरनंही तेच सांगितलं असतं. पण शेवटच्या दिवसांत तो रोज सकाळी दाराकडं बघायचा आणि मी दार लावून घ्यायची, कारण बाहेर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते डॉक्टरनं बघितलं नव्हतं, मी बघितलं होतं.

आणि आण्णा? ते माडीवर निजायला गेले. गावात कुणाला नाही एवढी मोठी खिडकी केली, तिच्यासमोर पलंग टाकला. सकाळी उठून तिथं पाय पसरून चहा प्यायचे, उन्हात. त्यांच्या घरापुढनं नळावर जाताना मला दिसायचं.

म्हणून साहेबांचा चहा संपल्यावर मी म्हणाले, "चला, आधी आण्णांकडं जाऊ."

वाटेत मला एवढंच ठरवायचं होतं की खोटं कसं बोलायचं. माडीत माणूस राहत नाही हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? पण आण्णांनी माझं काम हलकं केलं. हातात टेप, गळ्यात कॅमेरा असलेला माणूस दारात आला आणि किती खोल्या, किती खिडक्या, वर कोण निजतं, असं विचारायला लागला, की आमच्याकडं माणसाच्या मनात एकच येतं. माडी विनापरवाना बांधलेली. सरपंच नुकताच विरोधी गटाचा झालेला. घरपट्टी नाहीतर नोटीस, दुसरं काय असणार? साहेबांनी सावलीचं सांगायचा प्रयत्न केला, पण आण्णा ऐकतच नव्हते. ज्याला फसवायची सवय असते त्याला समोरचाही फसवायलाच आलाय असं वाटतं.

मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं. आण्णा, हे घरपट्टीवाले नाहीत, खरं सांगा, तुमच्याच भल्याचं आहे. जिभेवर आला होता शब्द, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण नव्हता आला.

पुढच्या थंडीपर्यंत चक्की फिरायला लागली.

मार्गशीर्ष लागला आणि मी सकाळी नळाच्या वाटेवर उभी राहून वर बघायला लागले. टेकाडावरून सूर्य पात्यांच्या मागं यायचा आणि आण्णांची खिडकी उजळायची, विझायची, उजळायची, विझायची. आधी आण्णांनी निळा पडदा ओढला. मग त्यावर घोंगडी टाकली. पण माडीचं छप्पर पत्र्याचं, आणि भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट. तिथून सावली आत नाचायचीच. जाऊबाई नळावर मला सांगायच्या, "अगं, ह्यांचं डोसकं भनाभना करतंय. भिंत हालतीया म्हनत्यात. च्या घ्यून मला तर वर जाता येत न्हाई, मग वरनं आरडत्यात."

"खाली का निजत नाहीत?" मी विचारलं.

"खाली? म्हनत्यात, गाव काय म्हनंल."

मी हंडा उचलला आणि घरी येऊन पोटभर हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते. त्या थंडीत मी सकाळी लवकर उठायला लागले, पाणी आणायच्या निमित्तानं. माणूस देवदर्शनाला जातो तशी मी त्या खिडकीच्या दर्शनाला उभी राहायची.

पौष सरता सरता आण्णा गडग्यापाशी आले. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"सगुणा, त्यो कंपनीचा मानूस तुज्या वळकीचा हाय नव्हं?"

"घरं दाखवायला एकदा बरोबर फिरले, तेवढीच ओळख."

"त्येला सांग, माज्या घराला तरास होतुया. शिवा गुरवाचा पोरगा सांगत हुता, पलीकडल्या वस्तीवर चक्की सकाळची थांबवत्यात. कळ दाबल्यावानी. मग हितं का न्हाई?"

"तुम्हीच फोन करा की."

"केला." त्यांनी मान खाली घातली. "म्हनला, तुमच्या वरच्या मजल्यावर कडबा हाय. कडब्यासाठी चक्की थांबवत न्हाईत. मानसं ऱ्हात्यात असं असंल तर ग्रामपंचायतीचा दाखला आना, नायतर गावातल्या जबाबदार मानसाला सांगाय लावा."

दाखला त्यांना मिळणार नव्हता. दाखला मागायला गेले असते तर सरपंचानं आधी माडीचा परवाना मागितला असता. राहिलं जबाबदार माणूस.

"तू सांग," आण्णा म्हणाले. "तू सांगितलंस तर त्यो ऐकंल."

मी त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस त्याच जागी उभा राहून मुरलीधरच्या उन्हावर बोलला होता. तिथला दगडसुद्धा बदलला नव्हता.

"आण्णा, तुम्ही एका तोंडानं सांगितलंत वर कुणी राहत नाही. आता मी दुसरं सांगायचं म्हणजे तुमचा शब्द खोटा पाडायचा. थोरल्या दिराचा. ते मला कसं जमंल?"

"टोमनं मारतीस व्हय?"

"टोमणा कशाचा? पंचांनीच शिकवलंय मला."

मग मी आवाज मऊ केला. इतका मऊ आवाज मी फक्त अंगणवाडीत, रडणाऱ्या पोराला खिचडी भरवताना काढायची. "माझं ऐकाल तर एक सांगू? खाली तर तुम्हाला काहीच त्रास नाही. पूर्वेला गोठा लागून आहे, खिडकीसुद्धा नाही. त्रास सगळा माडीचा. माडी उतरवून टाका. पत्रा-विटा कामाला येतील, सरपंचाच्या नोटिशीची भीतीही मिटंल."

"माडी उतरवू?"

"मी आपलं सुचवलं. तुमची मर्जी."

त्यांनी लगेच उतरवली नाही. मानी माणूस. उन्हाळा, पावसाळा काढला, कारण त्या दिवसांत सूर्य उत्तरेला जातो आणि माडीवर सावली येत नव्हती. त्यांना वाटलं, मिटलं. पण दिवाळीनंतर ती परत आली. सूर्य काही पंचांचं ऐकत नाही. दुसऱ्या थंडीत आण्णा आठ दिवससुद्धा टिकले नाहीत. एके सकाळी वर घण पडायला लागले. दोन गवंडी आणि स्वतः आण्णा, डोक्याला टॉवेल बांधून. मी अंगणवाडीला जाताना थांबून बघितलं. आधी पत्रा निघाला, मग ती मोठी खिडकी चौकटीसकट खाली आली. गवंड्यानं विचारलं, "ताई, धुरळा येतोय का घरात?" मी म्हणाले, "येऊ दे. सावकाश चालू द्या."

माडी गेली आणि चौथ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात ऊन आलं.

कोवळं, तिरपं, भिंतीच्या पायापर्यंत. मी नुसती बघत राहिले. आणि मग ते विझलं. परत आलं, परत विझलं. आण्णांच्या माडीनं अडवलेलं सगळंच आता माझ्या दारात येत होतं, ऊनही आणि पात्यांची सावलीही. भिंत, तुळस, माझे हात, सगळं लुकलुकत होतं. आण्णा गडग्यापलीकडं उभे होते. ते माझ्या अंगणाकडं बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं.

"घे आता," ते म्हणाले. "लै ऊन पाह्यजे हुतं नव्हं?"

मी आत गेले आणि तांबोळी साहेबांना फोन लावला.

साहेब दोन दिवसांत आले. तोच मफलर. सकाळी माझ्या अंगणात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं, फोटो घेतले, दारातून आत येऊन चुलीपर्यंत सावली कशी येते ते पाहिलं.

"माडी कुठं गेली, ताई?"

"उतरवली. कडबाच होता ना वर."

साहेबांनी माझ्याकडं जरा वेळ रोखून पाहिलं. हुशार माणूस. पण पुढं काही विचारलं नाही. "मग आता हे थेट तुमच्यावर आलं," ते म्हणाले. "तुम्ही इथं राहता, खालीच राहता, वेगळं काही शाबीत करायला नको. हे नियमात बसतं. थंडीभर सकाळी तेवढा वेळ चक्की थांबेल."

संक्रांतीच्या आधी त्यांनी ते करून दिलं.

पहिल्या दिवशी मी अंगणात पोतं अंथरून बसले होते. सूर्य पात्यांच्या मागं यायला लागला तशी चक्की मंदावली आणि उभी राहिली. तीन पाती, गप. माझ्या अंगणात अख्खं ऊन पडलं. एका जागी, न हलता.

आण्णा गडग्यापाशी आले. त्यांनी टेकाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बिघडली काय गं?"

"बिघडली नाही. थांबवलीय."

"कुनी?"

"कंपनीनं. माझ्यासाठी. माणसं राहतात तिथं सावली पडली तर थांबवतात. पहिल्या दिवशीच साहेबांनी सांगितलं होतं. तुमच्याकडं यायच्या आधी, माझ्या चुलीपाशी बसून."

आण्णांना ते कळायला वेळ लागला. मी घाई केली नाही. त्यांनी आपल्या बोडक्या घराकडं बघितलं. कडेला विटांचा ढीग अजून तसाच होता.

"म्हंजी तू तवाच मला सांगितलं असतंस..."

"तर चक्की तुमच्यासाठी थांबली असती. माडी उभी राहिली असती. तुम्ही वर चहा पीत बसला असता, आणि मी खाली गारठ्यात."

"तुला ठावं हुतं."

"होय."

"आन् माज्या म्होरं उभी ऱ्हाऊन म्हनलीस, आण्णा सांगत्यात ते बरूबर."

"होय."

ते गडग्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, दोन थंड्यांत पार उतरला होता. मला कीव यायला हवी होती, असं पुढं जाऊबाईंनी मला ऐकवलं. असेल. मला आली नाही. मला गोड वाटत होतं, आत कुठंतरी खोल, पाठीवरच्या उन्हासारखं, आणि ते मी लपवलं नाही.

"आता तरी झालं समाधान?" आण्णांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

गेली कितीतरी वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं. होय, झालं, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या शेजारी पोत्यावर नजर गेली. पोतं मी दोघांपुरतं अंथरलं होतं. हात आपोआप तसं करून गेला होता.

"नाही," मी म्हणाले.

आण्णा वळले आणि गोठ्यात गेले. आतून त्यांचा बैलावर ओरडण्याचा आवाज आला. मी उठले नाही. दरवर्षी थंडीत मी तशीच बसते, चक्की पुन्हा फिरायला लागेपर्यंत.